फी भरलेली क्रेन

ती. वन्संना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, तेवढं चालवून घ्या). तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर "बरा आहे" म्हणालात खऱ्या, पण तुमचे बंधू माझ्या स्वयंपाकाला ज्या सुरात "बरा आहे" म्हणतात त्याच सुरात म्हणालात, त्यामुळे मी काही तो बरा धरला नाही. शेक चालू ठेवा. भावोजींचा खोकला गेला की नुसताच दुसऱ्या खोलीत गेला? इकडे देवाच्या कृपेने सगळे सुखरूप आहेत. कृपा आहे हे नक्की. सुखरूपचं पुढे वाचून तुम्हीच ठरवा. तात्यांची प्रकृती उत्तम. काल त्यांनी माझा चहा दोनदा परत पाठवला, म्हणजे वडिलांच्या अंगात ताकद आली आहे असं समजून निर्धास्त राहा.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. घरात धड चालणारा फोन एकच, आणि तुमचे बंधू तो स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलत नाहीत. (कानाला लावला तर किरणं डोक्यात जातात म्हणे. जाऊ देत की, जागा आहे.) तुमच्याशी झालेलं बोलणं तात्यांना पलंगावर, शेजाऱ्यांना भिंतीपलीकडे आणि जिना चढणाऱ्याला जिन्यात ऐकू येतं. शिवाय हल्ली त्या फोनवर शाळेतून इतके निरोप येतात की माणसांच्या निरोपाला जागाच उरत नाही. म्हणून पत्र. कागद पाठकोरे आहेत. एक बाजू कोरी असताना नवा कागद घ्यायचा हे माझ्याच्याने होत नाही. मागे काय छापलंय ते आत्ताच उलटून बघू नका, ओघात येईलच. (बघितलंत ना?)

तर आमच्या चिरंजीवांची यंदा दहावी. त्यांच्या शाळेने संगणकाच्या खोलीवरची जुनी पाटी काढून तिथे "भवितव्य कक्ष" अशी नवी पाटी लावली आहे. खोली तीच, खिडकीची फुटकी काच तीच, पंखाही तोच (तो अजूनही फक्त सरांनाच वारा घालतो), पण आता तिथे मुलांचं भवितव्य तयार होतं. संगणकाचे सर होते ते करिअर समन्वयक झाले. मुलं त्यांना चार्जर सर म्हणतात, कारण चार्जरची वायर ते गळ्यात अडकवून फिरतात आणि बोलता बोलता भिंतीत भोक शोधत राहतात. माणूस वाईट नाही. फक्त कुणाच्याही डोळ्यांकडे बघून बोलत नाही, डोळ्यांवर काही चढवलेलं असेल तरच बोलतो.

शाळेच्या नोटिशीत असं होतं की "तुला मोठेपणी काय व्हायचंय" असं मुलाला विचारण्याची जुनाट पद्धत आता बंद. मुलाला काय कळतं? यापुढे यंत्र विचारणार नाही, यंत्र बघणार. डोळ्यांवर चष्मा चढवायचा (चष्मा कसला, डोळ्यांवर डबा बांधायचा), दोन्ही हातांत दांडके धरायचे, आणि एकेक धंदा आतल्या आत करून बघायचा. ज्यात हात चालेल त्याचा अहवाल निघणार, आणि अहवालावरून सुट्टीत कुठे शिकायला पाठवायचं आणि पुढे कुठल्या शाखेला घालायचं ते ठरणार. प्रत्येकाला ठरावीक वेळ. फी आगाऊ, कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. (एवढं एक वाक्य ठळक छापलं होतं, बाकीची नोटीस पुसट होती.) मी माझ्या हिशेबाच्या वहीत "भवितव्य" असा नवीन रकाना पाडला आणि तो "गळक्या नळाची दुरुस्ती" या रकान्याशेजारी टाकला. दोन्हीकडचे पैसे सारखेच जातात.

तुमच्या बंधूंना ही योजना फार पसंत पडली. त्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. उभं आयुष्य वजनकाट्याच्या केबिनमध्ये गेलं. ट्रकवाला कितीही शपथा घेवो, काटा दाखवील तेच खरं. लग्नानंतर पहिल्यांदा मी म्हटलं की मला ताप आलाय, तर हे थर्मामीटर शोधायला गेले, आणि तो सापडेपर्यंत घरात कुणालाही ताप नव्हता. तेव्हा "मुलगा काय सांगतो ते राहू दे, यंत्र काय सांगतं ते बघू" हे त्यांचं वाक्य नोटीस वाचायच्या आधीच तयार होतं.

आणि मला मात्र यंत्राशिवायच माहीत होतं की मुलाच्या मनात काय आहे. वन्सं, गेल्या वर्षी तात्या अंथरुणाला खिळले होते ते दिवस आठवा. तुम्ही आलात तेव्हा त्यांच्या पाठीवर साधा लाल डागसुद्धा नव्हता, आणि तुम्ही मला जवळ घेऊन म्हणालात, तू होतीस म्हणून. मी ती तेव्हा ठेवून घेतली, कारण शाबासकी परत करायची माझी पद्धत नाही. पण ते काम माझं नव्हतं. घरी येणाऱ्या नर्सबाईंकडून मुलाने सगळं शिकून घेतलं होतं: कूस कशी बदलायची, चादरीला सुरकुती कशी राहू द्यायची नाही, नाडी कशी धरायची. तात्यांनी नर्सबाईंच्या अंगावर भांडं फेकलं, माझ्या अंगावर फेकलं, तुमच्या बंधूंच्या अंगावर फेकायला ते कधी जवळच आले नाहीत. नातवाच्या हातून मात्र मुकाट्याने औषध घ्यायचे. आम्हाला ते शिव्या देतात, त्याला फक्त सूचना देतात.

मग एक दिवस वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करताना तो हळूच म्हणाला, "आई, मला नर्स व्हायचंय. कुणाला सांगू नकोस."

म्हटलं, "देवाला सांगितलं तर चालेल का?"

"तो कुणाला सांगत नसेल तर सांग."

"डॉक्टर का नाही रे व्हायचं?"

"डॉक्टर येतात आणि जातात. मला थांबायचंय."

मी त्या दिवशी त्याच्या बनियनची घडी तीनदा केली.

सुट्टीत मोठ्या रुग्णालयात मुलांना शिकायला घेतात, पण अहवालात "रुग्णसेवा" या सदरात चांगला शेरा हवा. म्हणून तो त्या चष्म्याची वाट बघत होता. त्याला वाटलं, यंत्रच सांगेल म्हणजे आपल्याला बाबांना सांगायला नको. भाबडं पोर. अगदी माझ्यावर गेलंय. (लबाडीच्या बाजूने कुणावर गेलंय ते पुढे कळेल.)

ठरल्या दिवशी मी सही करायला पालक म्हणून गेले. त्या खोलीत गेल्यावर आधी तर मला वाटलं सगळ्यांना एकदम काहीतरी झालंय. फिरत्या खुर्च्यांवर पोरं डोळ्यांवर डबे बांधून बसलेली, कुणी हवेत हातवारे करतंय, कुणी "पाणी सोडा, पाणी सोडा" म्हणून ओरडतंय (ती आग विझवत होती), एक जण न्यायाधीश होऊन समोरच्या कपाटाला जन्मठेप देत होता. आमच्या मुलाचा नंबर आला तेव्हा मी चष्मा रुमालाने पुसून दिला, कारण त्याला आख्ख्या दहावीच्या कपाळाचा वास येत होता. चार्जर सर म्हणाले, पहिला धंदा यंत्र स्वतः निवडतं, दुसरा मुलाने निवडायचा. आणि यंत्राने निवडली बंदरावरची क्रेन.

आता तुमच्या भाच्याला उंचीचं भय किती हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि टॉवेल वाळत घालायचे तर लांबून फेकतो. क्रेनची शिडी अर्धी चढून झाली, त्याने खाली बघितलं, खाली समुद्र. पोराने चष्मा काढला, चार्जर सरांची पिशवी समोर होती ती उघडली, आणि सकाळी मी खाऊ घातलेलं सगळं तिच्यात परत केलं. मग तोंडावर हात धरून जो नळाकडे पळाला तो दिसेना.

मी पिशवी पुसायला घेतली, पण लक्ष सगळं पडद्यावर. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटा धावत होता. मी सरांना म्हटलं, "तो येईपर्यंत घड्याळ थांबवा." ते म्हणाले, "तशी सोय नाही." म्हटलं, "उरलेला वेळ उद्याला धरा." म्हणाले, "तशी सोय नाही." म्हटलं, "मग उरलेल्या वेळेची फी?" यावर त्यांनी नुसतं नोटिशीतल्या ठळक वाक्याकडे बोट दाखवलं.

वन्सं, तुम्हीच सांगा. दुकानदाराने तेल मोजून झाल्यावर माप उपडं ठेवलं की मी शेवटचा थेंब पडेपर्यंत हलत नाही. इथे तर भरल्या फीचा वेळ डोळ्यांदेखत वाहून चालला होता. मी देवाचं नाव घेतलं, चपला काढल्या (शिडी चढायची होती), आणि खुर्चीत बसून चष्मा चढवला.

चष्मा लावला आणि शाळा नाहीशी झाली. उरलेली शिडी चढले, तर मी काचेच्या खोलीत, पायाखालीसुद्धा काच, खाली जहाज, आणि माझ्या हातातल्या दांडक्यांना दोराने लोंबणारा आगगाडीच्या डब्याएवढा लाल डबा. खाली पिवळी टोपी घातलेला मुकादम हात हलवत होता. मी म्हटलं, "अहो, बाजूला व्हा, डबा येतोय." हलला नाही. चित्रातला पुरुषसुद्धा ऐकत नाही. पण गंमत अशी की मला ते सगळं मुळीच नवं वाटेना. आमच्या इमारतीची लिफ्ट तुम्ही ओळखताच (म्हणजे ओळखत नाही, कारण ती चालू असलेली कुणीच पाहिलेली नाही). लग्न होऊन आल्यापासून मी चौथ्या मजल्यावरून दोरीला टोपली बांधून खाली सोडते. दूध, भाजी, तात्यांची औषधं, विसरलेली छत्री, सगळं तिच्यातूनच वर-खाली होतं. दुसऱ्या मजल्यावर शिवणवाल्या काकूंच्या ओल्या साड्या, पहिल्या मजल्यावर निवडुंगाच्या कुंड्या आणि दोन इमारतींच्या मधून सुटणारा वारा, यातून अंडी न फुटता वर आणायची तर त्याची एक रीत आहे. टोपली झोके घ्यायला लागली की ओढायचं नाही. ती जाते तिकडे आपणही दोरी न्यायची. जरा वेळाने ती आपली आपण शांत होते. (तुमच्या बंधूंच्या बाबतीतही मी हेच करते.) डब्याच्या बाबतीतही तेच. मी लाल डबा ठेवला, निळा ठेवला, वारा सुटला तर थांबले, वारा पडला तर ठेवला. चष्मा काढला तेव्हा भोवती आख्खा वर्ग जमला होता आणि न्यायाधीश कपाटाला सोडून माझ्याकडे बघत होता. मुलगा नुकताच दारात आला होता, आणि वेळ संपली होती.

तुमच्या भाच्याला रुग्णसेवेचा एक क्षणही मिळाला नाही. येताना रस्त्यात मी त्याला म्हटलं, "अरे, फी वाया जात होती." तो म्हणाला, "हो आई." त्याने रागावायला हवं होतं. रागावला असता तर मला उलट रागावता आलं असतं.

अहवाल फोनवर आला तो तुमच्या बंधूंनी स्पीकरवर वाचून घेतला. मुलाचं नाव, आणि पुढे: भाराचे संतुलन, असाधारण. वाऱ्याचा अंदाज, असाधारण. वरिष्ठांच्या सूचना ऐकणे, सुधारणेस वाव. रुग्णसेवा, गैरहजर. शिफारस: बंदर, क्रेनचालक. (तोच अहवाल शाळेने आठवणीसाठी तीन तीन प्रतींत छापून दिला, त्याच्या पाठीवर तुम्ही हे वाचताय.) तुमचे बंधू उठून उभे राहिले. म्हणाले, "हात बघा पोराचे! असाधारण! माझ्याच घरात आणि मला पत्ता नाही." हा माणूस गेली कित्येक वर्षं माझ्या हातचं खातोय, माझ्या हाताने वर आलेलं दूध पितोय, आणि या हातांना असाधारण म्हणायला त्याला मुलाचं नाव वाचावं लागलं. मला खरं सांगायचं होतं, पण ते इतक्या कौतुकाने बोलत होते की म्हटलं जरा ऐकून घ्यावं आणि मग सांगावं. तेवढ्यात ते खाली उतरून दुकानात गेलेसुद्धा आणि लोखंडी टोकाचे जाड बूट घेऊन आले, अंग वाढतंय म्हणून दोन नंबर मोठे. मुलाला ते घालून वजनकाट्याच्या आवारात फिरवला, ट्रकवाल्यांना दाखवला. संध्याकाळी त्याला गॅलरीत उभा करून "खाली बघ, सवय कर" म्हणायला लागले. तो डोळे मिटून खाली बघायचा.

तेव्हा मी दुरुस्ती करायला निघाले. चार्जर सरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही चालवलीत हे मला माहीत आहे, पण यंत्राला माहीत नाही. त्यात विद्यार्थी हा विद्यार्थी असतो आणि पालक फक्त सहीपुरता असतो." म्हटलं, मग पुन्हा बसवा त्याला. म्हणाले, तशी सोय नाही. तक्रारीसाठी त्यांनी फोनवर "मार्गदर्शक मित्र" म्हणून एक उघडून दिला. तो माणूस नाही, पण माणसापेक्षा गोड बोलतो. मी लिहिलं, क्रेन माझ्या मुलाने नाही, मी चालवली. तो म्हणाला, "अरे वा! आपल्याला मुलाचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे." मी लिहिलं, मुलाला उंचीची भीती वाटते, त्याला नर्स व्हायचंय. तो म्हणाला, "छान प्रश्न! क्रेन आवडणाऱ्या मुलांना उंच मनोरे बांधणंही आवडतं." मी लिहिलं, तुझ्या जिभेला काही हाड? तो म्हणाला, "आपला संवाद उपयुक्त वाटला का?" त्यानंतर मी देवासमोर हात जोडून म्हटलं की या यंत्रांच्या वाटेला मी जन्मात पुन्हा जाणार नाही. देवाचं मला हेच आवडतं, तो निदान गप्प बसतो.

आणि मग अहवाल बंदरावर पोचला तसे तिथले साहेब स्वतः शाळेत आले. एवढे असाधारण हात कुणाचे ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. तुमच्या बंधूंनी रजा काढली, शर्टाला दोनदा इस्त्री केली. मुख्याध्यापिका मोठ्या बाई, चार्जर सर, मी, आणि बूट घातलेला मुलगा. (बूट पुढे, मुलगा त्यांच्या मागे.) मी ठरवूनच गेले होते की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. उभी राहिले, म्हटलं, "एक सांगायचं होतं." तुमचे बंधू म्हणाले, "नंतर." पुन्हा उभी राहिले. म्हणाले, "आधी मुलाचं होऊ दे." पोराचा चेहरा तोवर भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता, हात चष्म्याकडे जाईना. ते बघून तुमच्या बंधूंना भरून आलं की राग आला कोण जाणे, म्हणाले, "चष्म्याला काय भ्यायचं? आण इकडे. बघ, बाप कसा चढतो." आणि खुर्चीत बसून त्यांनी तो स्वतःच चढवला.

शिडी चढेपर्यंत चांगलं चाललं होतं. वर जाऊन डबासुद्धा उचलला. "हे बघ," म्हणाले, "काही नसतं. काही नस—" आणि खाली बघितलं असावं. खुर्ची एकीकडे फिरली, तुमचे बंधू दुसरीकडे घरंगळले, आणि जमिनीवर आडवे. मोठ्या बाई किंचाळल्या. चार्जर सरांनी आधी वायर वाचवली. आणि आमचा मुलगा, जो एरवी दुकानात सुटे पैसे मागतानाही पुटपुटतो, तो गुडघ्यांवर बसून शांतपणे हुकूम सोडायला लागला. "आई, खिडकी उघड. सर, मागे व्हा, वारा येऊ द्या. बाई, ती खुर्ची आणा, पाय वर ठेवायचेत." कॉलरचं बटण काढलं, नाडी धरली, मान एका बाजूला वळवली, कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "बाबा, मी इथेच आहे. उठू नका." तुमच्या बंधूंनी डोळे न उघडताच विचारलं, "काटा किती दाखवतोय?" तो म्हणाला, "बरोबर दाखवतोय, बाबा. पडून राहा." आणि वन्सं, ते त्याचा हात धरून पडून राहिले. त्याच्या हातून औषध घेताना तात्यांचा चेहरा होतो ना, अगदी तस्सा चेहरा.

इकडे पडद्यावर डबा जहाजावर तसाच लोंबकळत होता आणि भोंगा बोंबलत होता. वारा सुटला होता. मी खिडकी उघडली, जमिनीवरचा चष्मा उचलला, पुसला आणि बसले. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमचे यजमान पडलेत!" म्हटलं, "त्यांच्याजवळ माणूस आहे. डब्याजवळ कुणी नाही." आणि ठेवला डबा. (वेळ उरला होता, म्हणून निळाही ठेवला.)

चष्मा काढला तर साहेब माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "झोक्याला ओढलं नाहीत. कुठे शिकलात?" म्हटलं, "चौथ्या मजल्यावर." मग मी सगळं सांगितलं, पिशवीपासून. मोठ्या बाई हसल्या नाहीत, कारण मुख्याध्यापिकांना तशी सोय नसते, पण त्यांनी ड्रॉवर उघडून रुग्णालयाचा एक जुना छापील अर्ज काढला, हाताने भरायचा. म्हणाल्या, यंत्रात काही बदलता येणार नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलंय आणि माझ्या पेनला अजून शाई आहे. तिथेच त्यांनी शिफारस लिहिली. फक्त खाली वडिलांची सही लागते, आणि अर्ज महिनाअखेरच्या आत पोचायला हवा.

तुमचे बंधू सही करत नाहीत. त्यांचं म्हणणं, खुर्ची सदोष होती, आपल्याला चक्कर वगैरे काही आली नाही, अहवालात रुग्णसेवा गैरहजर म्हणजे गैरहजर, आणि मुलगा कधी नर्स असतो का. शाळेत काय झालं ते कुणाला, विशेषतः तुम्हाला, कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. मी ती मनापासून पाळते आहे. हे सगळं मी तुम्हाला कळवत नाहीये, फक्त लिहिते आहे. अर्ज टेबलावर आहे. मुलगा त्याच्याकडे बघत नाही, पण रोज त्याच्यावरची धूळ पुसलेली असते.

असो. बाकी विशेष काही नाही. तुमच्याकडे काही मागणं नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहायला बसले. भावोजींना नमस्कार, लहानांना माझ्या वतीने पाठीत एकेक धपाटा. गुडघ्याला जपा आणि सूनबाईंच्या अंगावर फार ओरडू नका, ओरडताना गुडघ्यावर भार येतो.

तुमची धाकटी भावजय

ता. क. तुमच्या बंधूंना या जगात दोघांचंच भय आहे: काटा तपासायला येणारा निरीक्षक आणि तुम्ही. निरीक्षक माझ्या ओळखीचा नाही. तेव्हा येत्या रविवारी सकाळी फोन करा. तात्या जागे असतात आणि फोन स्पीकरवर असतो, म्हणजे जिन्यापर्यंत ऐकू जाईल. एवढंच विचारा, "काय रे, पडलास म्हणे? मग सावरलं कुणी?" आणि गप्प बसा. उत्तर त्यांना तात्यांच्या देखतच द्यावं लागेल. मग म्हणा, "सही कर." माझ्या पत्राचं काढू नका. कसं कळलं असं विचारलंच तर मनात आलं म्हणा. पत्र वाचल्यावर मनात आलंच असेल, म्हणजे खोटंही नाही.

आणखी ता. क. रविवारनंतर तुम्ही आमच्याकडे राहायलाच आलात तर बरं होईल. सकाळी तात्यांजवळ कुणीतरी हवं. त्याचं असं आहे की त्या साहेबांनी बंदरावर मोठ्या माणसांसाठीही वर्ग चालू केलाय, आणि बायकांना फी माफ आहे. फी माफ असताना जायचं नाही म्हणजे वाया घालवणंच की. देवासमोर बोलले होते ते चष्म्याबद्दल होतं (ते एकदा मोडलं, त्याची माफी मागून झाली आहे). ही क्रेन खरी आहे. तुमच्या बंधूंना मी प्रार्थनेच्या वर्गाला जाते असं सांगितलंय. एवढी उंच शिडी चढताना दुसरं काय होणार? जिने चढायला तुम्हाला त्रास होईल हे मला कळतं. टोपलीतून तुम्हाला वर घ्यावं असं एकदा मनात येऊन गेलं, पण अजून माझं शिक्षण पुरं व्हायचंय.

सगळ्यात शेवटचा ता. क. बूट दुकानदार परत घेईना, ट्रकच्या आवारात फिरवले म्हणून. मुलाला ते मोठे होतात आणि रुग्णालयात चालतही नाहीत. मला तीन मोजे घालून अगदी बरोबर बसतात.